मशीनची तब्येत सांगणाऱ्या यंत्रात रीडिंग हाताने का टाकावं लागतं?

वाशिंदमध्ये जेएसडब्ल्यू स्टील कोटेड प्रॉडक्ट्सचा पत्र्याचा कारखाना आहे. याच भागातून वाहणाऱ्या भातसा नदीचं पाणी पुढे पिसे इथे पंपाने उचललं जातं आणि पांजरापूरला शुद्ध होऊन मुंबईकडे जातं. पत्र्याची लाइन असो की पाण्याचा पंप, सगळा भार मोटर आणि बेअरिंगवर असतो. बेअरिंग अचानक गेलं तर काम ठप्प होतं. म्हणूनच मोठ्या मशीनची ठरावीक दिवसांनी तपासणी करतात.

तपासणी कशी होते?

त्यासाठी हातात धरायचं डेटा कलेक्टर नावाचं यंत्र वापरतात. त्याचा चुंबकाचा सेन्सर बेअरिंगजवळ चिकटवला की मशीन किती थरथरतंय ते स्क्रीनवर दिसतं. हे व्हायब्रेशन मिलिमीटर प्रति सेकंदात मोजतात.

आयएसओ १०८१६-३ या आंतरराष्ट्रीय मानकात त्याच्या मर्यादा दिल्या आहेत. २०२२ मध्ये त्याची जागा २०८१६-३ ने घेतली. पक्क्या फाउंडेशनवरच्या १५ ते ३०० किलोवॅटच्या मोटरसाठी त्या अशा:

- १.४ पर्यंत: नव्या मशीनसारखी स्थिती
- १.४ ते २.८: सतत चालवायला हरकत नाही
- २.८ ते ४.५: दुरुस्तीची संधी मिळेपर्यंतच चालवावं
- ४.५ च्या वर: नुकसान होण्याचा धोका

मग हाताने काय टाकायचं?

प्रेशर गेजचा काटा, पॅनलवरचा अ‍ॅमीटर, तेलाची पातळी या गोष्टी सेन्सरला कळत नाहीत. त्या डोळ्यांनी वाचून आकडा कीपॅडवर टाकावा लागतो. अनेक डेटा कलेक्टरमध्ये तशी सोय असते.

या आकड्यांमुळे व्हायब्रेशनचा अर्थ लागतो. व्हायब्रेशनसोबत मोटरचा करंटही वाढला असेल, तर मशीनवर लोड वाढला आहे का, हे आधी बघतात. करंट आणि लोड तेवढाच असताना व्हायब्रेशन वाढलं, तर बेअरिंग, अलाइनमेंट किंवा बॅलन्सिंग तपासतात.

चूक कुठे होते?

पहिली, आकडे उलटे पडणं. सेन्सर चालत नसेल तर दुसऱ्या मीटरवरचं व्हायब्रेशनही हाताने टाकतात. तिथे ७.१ ऐवजी १.७ पडलं, की धोक्यातली मोटर कागदावर ठणठणीत होते.

दुसरी, एकक. ०.२८ इंच प्रति सेकंद म्हणजे सुमारे ७.१ मिलिमीटर प्रति सेकंद. मिलिमीटरच्या रकान्यात नुसतं ०.२८ टाकलं, तर अलार्म वाजणारच नाही.

तिसरी, शून्य. मशीन बंद होतं म्हणून ० टाकलं, तर ते खरं रीडिंग धरलं जातं आणि ट्रेंडचा आलेख खाली येतो. अशा वेळी रीडिंग सोडून द्यावं आणि ‘मशीन बंद’ अशी नोंद करावी.

चौथी सगळ्यात घातक: मशीनपाशी न जाता मागचाच आकडा पुन्हा टाकणं. आलेख सरळ दिसतो आणि आत बेअरिंग झिजत राहतं.

काळजी काय घ्यावी?

रीडिंग नेहमी त्याच जागी आणि शक्यतो त्याच लोडवर घ्यावं. सेव्ह करण्याआधी मागच्या आकड्याशी ताडून बघावं. फरक मोठा असेल तर तिथेच उभं राहून पुन्हा मोजावं. सेन्सरचं रीडिंग यंत्र स्वतः नोंदवतं, पण हाताने टाकलेल्या आकड्याची खात्री तो टाकणाऱ्यालाच करावी लागते.