आदल्या दिवशीचा पाव, नवं तेल

ब्रुस्केटा आपल्याकडे आला तो हॉटेलांच्या मेन्यूकार्डावरून. त्यामुळे तो घरी करायचा म्हटलं की आधी आयात मालाची यादी तयार होते: ऑलिव्ह तेलाची बाटली, बाल्सामिक व्हिनेगर, बेसिलची पानं, वाळलेल्या इटालियन पाल्याची पुडी. पावाचा विचार सगळ्यात शेवटी होतो आणि जो हाताला लागेल तो स्लाइस ब्रेड टोस्टरमध्ये जातो. माझ्या मते हा क्रमच चुकतो, आणि पदार्थ फसतो तो त्यामुळेच. मध्य इटलीतल्या शेतकरी घरांत हा पदार्थ जन्मला, तो शिळा झालेला पाव वाया जाऊ नये म्हणून. पावाची जाड फोड निखाऱ्यावर भाजायची, गरम आहे तोवर तिच्यावर लसणाची पाकळी घासायची, वरून तेल आणि मीठ, संपलं. तोस्कानात याच साध्या रूपाला फेत्तुन्ता म्हणतात. नोव्हेंबरात ऑलिव्हचं नवं तेल निघालं की त्याची चव घ्यायची ती या भाजलेल्या फोडीवर. टोमॅटो तर फार उशिरा आला. मात्तिओली या वैद्याने 1544 मध्ये त्याची नोंद केली, पण इटलीच्या पाककृतींच्या पुस्तकात त्याला जागा मिळायला सतरावं शतक सरत आलं. म्हणजे पाव, विस्तव आणि कच्चं तेल या तिघांवर हा पदार्थ उभा आहे. असं असेल, तर भिवंडीतल्या घरात तो करण्यासाठी आधी पाहायची ती गावातली बेकरी; आयात मालाचं दुकान नंतर.

‘पाव हे तरी आपलं कुठे?’ असा आक्षेप इथे येईल. भिवंडीपुरतं त्याचं उत्तर इतिहासातच आहे. 1534 मध्ये वसई पोर्तुगिजांकडे गेली आणि 1739 पर्यंत, म्हणजे दोनशे वर्षांहून अधिक काळ, त्यांच्याकडे राहिली. भिवंडी त्या मुलखाच्या अगदी सीमेवर. चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेला ज्यांचा मोठा हातभार लागला, ते गंगाजी नाईक भिवंडीजवळच्या अंजूरचे. आज दिवा–वसई लोहमार्गावरची गाडी भिवंडी रोड स्थानकातून ज्या पट्ट्याने जाते, त्याच पट्ट्यात आंबवलेला गव्हाचा पाव आणि तांदळाची भाकरी शतकानुशतकं शेजारी राहिली आहेत. पावाचा विटाळही आपल्याकडे मानला गेला, हे खरं आहे. 1849 मध्ये मुंबईत निघालेल्या परमहंस सभेत ख्रिस्ती भटारखान्यातला पाव खाणं ही जातिबंधन तोडल्याची कसोटी होती. पावाचा एक घास घ्यायला त्या काळी किती धैर्य लागलं असेल, याचा विचार केला की मन भरून येतं. पण ती कसोटी कधीच मागे पडली. मागावर रात्रपाळी करणाऱ्या कामगाराची सकाळ आज चहा-पावाने सुरू होते आणि भिवंडीत त्यात कोणालाच काही वावगं वाटत नाही. टोमॅटोचंही तेच. तो अमेरिका खंडातून निघाला आणि इटलीला जितका परका होता तितकाच आपल्यालाही. परकेपणाच्या हिशेबात दोन्ही स्वयंपाकघरं सारखीच आहेत.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: आपला पाव यासाठी फार मऊ पडतो. लादीपावाबाबत हे अगदी बरोबर आहे. लादीत गोळे एकमेकांना चिकटून भाजले जातात, त्यामुळे पापुद्रा येतो तो फक्त वर आणि खाली. चारही कडा कापसासारख्या राहतात. अशा पावावर रसाळ टोमॅटो ठेवला की मिनिटभरात लगदा होतो. म्हणून इराणी बेकऱ्यांनी रूढ केलेला कडक पाव, म्हणजे ब्रुन, घ्यावा. सुटा भाजलेला असल्यामुळे त्याला सगळीकडून कवच असतं. आणि तो आदल्या दिवशीचा असावा. पाव शिळा होतो म्हणजे केवळ वाळतो, हा समज 1852 मध्येच बुसँगो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने खोटा ठरवला. ओलावा बाहेर जाऊच दिला नाही तरी पाव शिळा होतो, हे त्याने प्रयोगाने दाखवलं. भाजताना फुगलेला स्टार्च थंड झाल्यावर पुन्हा घट्ट बांधला जातो, त्याचा हा परिणाम. गंमत अशी की साधारण 60 अंश सेल्सिअसच्या वर हीच बांधणी पुन्हा सैल होते. त्यामुळे शिळी फोड भाजली की बाहेरून खरपूस आणि आतून पुन्हा मऊ होते, आणि तिचा गाभा ताज्या पावासारखा दबून बसत नाही. फ्रिजच्या गारव्यात मात्र हा शिळेपणा सगळ्यात वेगाने येतो, म्हणून पाव फ्रिजमध्ये ठेवू नये. भिवंडीच्या पावसाळी दमट हवेत तो बाहेर ठेवला तर दोन-तीन दिवसांत बुरशी धरतो, तेव्हा एक रात्र, तीही कापडात गुंडाळून, एवढीच मुदत. ब्रुन तिरका कापावा, फोडी बोटभर जाड ठेवाव्यात. आधी कोरड्या तव्यावर मंद आचेवर दोन्ही बाजू वाळवून घ्याव्यात आणि मग पापड भाजायच्या जाळीवर थेट ज्योतीवर धराव्यात. कडा काळपट झाल्या, मधला भाग बदामी झाला की काढावं. कोळशाची शेगडी असेल तर उत्तमच, पण तिच्यावाचून अडत नाही. लाल, खरखरीत झालेला तो पृष्ठभाग किसणीचं काम करतो. सोललेली पाकळी त्यावर फिरवली की ती झिजत पावात उतरते. लसणाचा झणझणीतपणा पाकळी चिरडल्यावरच तयार होतो आणि जास्त शिजवली की मरतो. म्हणून ती फोडणीत न घालता गरम पावावर कच्चीच घासायची.

आता तेल. ‘ऑलिव्ह तेल नसेल तर त्याला ब्रुस्केटा म्हणू नका,’ हा आग्रह मी समजू शकतो, कारण चवीचा निम्मा भाग तेलाचाच असतो. पण इटलीतल्या प्रथेत महत्त्व आहे ते तेलाच्या नवेपणाला. एक्स्ट्रा व्हर्जिन तेलात मुक्त आम्लाचं प्रमाण 0.8 टक्क्यांहून जास्त चालत नाही. मात्र या निकषावरून तेल नवं आहे असं ठरत नाही. पुढे उष्णता, उजेड आणि हवा यांनी त्याचा सुगंध उतरत जातो. महिनोन्‌महिने प्रवास केलेली, पारदर्शक बाटलीत दिव्याखाली उभी राहिलेली वस्तू महाग असली तरी नवी नसते. भिवंडीच्या गोदामांतून अर्ध्या देशाचा माल फिरतो, त्यामुळे बाटली मिळणं इथे अवघड नाही. तारीख पाहून घेणं महत्त्वाचं. गडद काचेची आणि अलीकडे भरलेली बाटली परवडत असेल तर जरूर घ्यावी. नसेल तर दिवाळीच्या सुमारास खरिपाचा भुईमूग निघतो आणि त्या शेंगांचं घाण्याचं तेल बाजारात येतं. तोस्कानातल्या नव्या तेलाचा हंगामही जवळपास हाच. शिवाय कच्चं तेल चवीने खाणं आपल्याला कोणी शिकवायला नको. भाकरीवर ठेचा, त्यावर कच्च्या तेलाची धार, हे जेवण महाराष्ट्रात घरोघर आहे. त्याची चव ऑलिव्हची नसेल, शेंगदाण्याचीच असेल, आणि ती तशी कबूल करून खावी. रिफाइंड तेल मात्र नको, कारण त्यातला वासच काढून टाकलेला असतो आणि इथे लपायला फोडणी नाही. एक सावधगिरीही सांगायला हवी: बुरशी लागलेल्या शेंगदाण्यांतलं अफ्लाटॉक्सिन हे विष शुद्धीकरणात निघून जातं, पण घाण्याच्या तेलात उतरू शकतं. दाणे निवडून घेणाऱ्या, डोळ्यांसमोर गाळणाऱ्या घाण्यावरूनच तेल आणावं.

टोमॅटोबाबत आपली अडचण वेगळी आहे. नारायणगाव किंवा पिंपळगाव बसवंतच्या बाजारातून येणारी संकरित फळं लांबच्या प्रवासासाठी निवडलेली असतात, त्यामुळे ती जाड सालीची आणि कमी रसाची. ती बाहेर टोपलीत दोन दिवस ठेवून पूर्ण लाल होऊ द्यावीत. फ्लोरिडा विद्यापीठाच्या संशोधकांनी 2016 मध्ये दाखवलं की 5 अंशांवर आठवडाभर ठेवलेल्या टोमॅटोत सुगंध घडवणाऱ्या जनुकांचं काम मंदावतं आणि फळ बाहेर काढल्यावरही तो सुगंध पुरता परत येत नाही. गावठी, पाकळ्यापाकळ्यांचा टोमॅटो मिळाला तर तोच घ्यावा, त्याचा आंबटपणा इथे शोभतो. बऱ्याच कृतींत बियांभोवतीचा गर काढून टाका असं सांगतात. मला ते मुळीच पटत नाही. टोमॅटोतलं ग्लुटामेट, म्हणजे जिभेवर रेंगाळणारी ती भरीव चव, भरगच्च असते त्या गरातच. बारीक फोडी करून मीठ लावावं, दहा मिनिटं चाळणीत निथळावं आणि खाली जमलेल्या रसात तेल फेटून तोच रस पावावर आधी चमचाभर सोडावा. फोडी मग कोरड्या राहतात, पाव चिवट होत नाही आणि काहीही फुकट जात नाही.

राहता राहिलं बेसिल. त्याच्या जागी अंगणातली तुळस घालावी असं सुचवलं जातं, पण तुळस निराळी. तिची लवंगेसारखी तिखट चव टोमॅटोला झाकून टाकते. फालुद्यात घालतात तो सब्जा मात्र बेसिलच्याच प्रजातीचा आहे, ऑसिमम बॅसिलिकम. रमजानमध्ये भिवंडीच्या बाजारात त्याचं बी सर्रास मिळतं. चिमूटभर बी न भिजवता कुंडीत ओल्या मातीवर टाकलं, वर मातीचा अगदी पातळ थर दिला आणि ऊन मिळालं, की काही आठवड्यांत खुडण्याजोगी पानं येतात. इटालियन वाणाइतकी ती रुंद आणि गोडसर नसतील, थोडी उग्र लागतील, म्हणून निम्मीच घ्यावीत. तुरे दिसले की लगेच खुडावेत, नाहीतर पानं कडवट होतात. पानं सुरीने चिरली तर काळी पडतात. हाताने तोडून अगदी शेवटी, ताट पुढे करताना घालावीत. पाहुणे येऊन बसल्यावरच पाव जाळीवर ठेवावा. फोडी, रस, तेल सगळं आधी तयार असू द्यावं, कारण भाजलेल्या फोडीवर टोमॅटो पडल्यानंतर हातात असतात ती जेमतेम पाच मिनिटं.