विश्लेषण : गिरण्या कायद्याने घेतल्या, मग जमिनींचा हिशेब कोणी तपासला?

डिसेंबर 2008. अमेरिकेत जनरल मोटर्स आणि क्रायसलर या मोटार कंपन्या डबघाईला आल्या होत्या. त्यांना मदत देणारे विधेयक सिनेटमध्ये अडकले, तेव्हा अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी बँकांसाठी मंजूर झालेल्या निधीतून 17.4 अब्ज डॉलरचे कर्ज जाहीर केले. पण तो निधी देतानाच तिथल्या संसदेने देखरेख समितीची तरतूद केली होती. त्यामुळे मोटारींवरचा खर्चही या समितीच्या नजरेखाली आला.

मुंबईत ही वेळ कापडगिरण्यांवर आली.

सरकार मालक कसे झाले?

1974 च्या कायद्याने देशभरातील 103 आजारी गिरण्या राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे, म्हणजे एनटीसीकडे गेल्या. 1982 च्या संपानंतर, ऑक्टोबर 1983 मध्ये मुंबईतील आणखी 13 गिरण्यांचे व्यवस्थापन सरकारने घेतले. दादर-परळ पट्ट्यातील टाटा, कोहिनूर, फिनले त्यांतल्याच. आधी वटहुकूम, नंतर कायदा. मालकी मात्र 1995 मध्ये बदलली. म्हणजे जवळपास बारा वर्षे गिरणी चालवायची सरकारने आणि कागदोपत्री मालक जुनाच!

संसद काय तपासू शकते?

अर्थसंकल्पातील अनुदानाच्या मागण्या, कॅगचे लेखापरीक्षण आणि 1964 पासूनची सार्वजनिक उपक्रम समिती हे तीन मार्ग. यातली समिती कामाची खरी, पण तिला नियमानेच जे विषय वर्ज्य आहेत, त्यांत हे दोन येतात : सरकारचे मोठे धोरण आणि रोजचा कारभार. गिरणी चालवायची की तिची जमीन विकायची, हा प्रश्न तर धोरणाचाच. पळवाट म्हणा हवे तर.

जमीन विकायला परवानगी कोणाची?

1995 मध्ये संसदेने एनटीसीला सरसकट मुभा दिली. केंद्र सरकारची पूर्वमंजुरी घेऊन जमीन, यंत्रे विकता येतील. अट एवढीच, की मंजुरी ज्या कामासाठी, पैसा त्याच कामाला. त्यानंतर प्रत्येक भूखंडासाठी संसदेत येण्याची गरज उरली नाही. दादरची कोहिनूर मिल क्रमांक 3 ची जमीन 2005 मध्ये 421 कोटी रुपयांना गेली, ती याच वाटेने.

राज्याच्या पातळीवर तर याहून मोठी गोष्ट घडली. 1991 च्या विकास नियंत्रण नियम 58 नुसार गिरणीच्या जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे व्हायचे : मोकळ्या जागांसाठी पालिकेला, घरांसाठी म्हाडाला आणि मालकाला. 2001 च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त आधीपासून रिकाम्या असलेल्या जमिनीपुरती उरली. बांधकामाखालची जमीन वगळल्यावर पालिका आणि म्हाडाच्या वाट्याला किती येणार, हे उघड होते. लालबाग-परळचा नकाशा बदलणारी ही दुरुस्ती विधेयक म्हणून विधिमंडळात आलीच नाही. अधिसूचनेवर काम भागले. तिची खरी झाडाझडती झाली न्यायालयात. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2005 मध्ये गिरण्यांच्या बाजूचा अर्थ नाकारला, तर 7 मार्च 2006 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवून दुरुस्ती वैध ठरवली.