फ्रीझरमध्ये बर्फाचा डोंगर झालाय? सुरी लावण्याआधी हे वाचा

रत्नागिरी : पावसाळ्यात कोकणात मिठापासून पापडापर्यंत सगळ्याला ओल धरते. फ्रिजचं दार उघडलं की हीच दमट हवा आत शिरते आणि फ्रीझरमध्ये बर्फ होऊन बसते. थर अर्ध्या सेंटीमीटरहून जाड झाला की गारवा नीट पसरत नाही, कॉम्प्रेसर जास्त चालतो आणि वीजबिल वाढतं.

मग कोणीतरी सुरी घेऊन बर्फ फोडायला बसतं. इथेच घात होतो. एकदारी फ्रिजच्या फ्रीझरच्या पातळ पत्र्यातच गॅसच्या नळ्या असतात. टोक लागलं की गॅस गेला. बऱ्याच नव्या फ्रिजमध्ये आर-६००ए हा पेट घेणारा गॅस असतो. फुस्स आवाज आला तर खिडक्या उघडा. चूल, शेगडी पेटवू नका, विजेची बटणं दाबू नका.

एकदारी फ्रिज असेल तर रेग्युलेटरच्या मधलं डिफ्रॉस्ट बटण दाबा. बर्फ वितळला की फ्रिज आपोआप सुरू होतो. बटण चालत नसेल तर प्लग काढा, मासळी थर्माकोलच्या खोक्यात ठेवा आणि दार उघडं टाका. घाई असेल तर आत गरम पाण्याचं पातेलं ठेवा, पण खाली जाड फडकं हवं. मागचा पाण्याचा ट्रे मात्र दर आठवड्याला रिकामा करून घासा. डेंग्यूचा डास अशाच साचलेल्या पाण्यात अंडी घालतो.

दोनदारी फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये बर्फ साचायलाच नको, कारण आतला हीटर ठरावीक वेळाने तो वितळवतो. वर बर्फ आणि खाली भाजी गरम, असं झालं तर आधी दाराचं रबर तपासा. दारात कागद अडकवून ओढा. सहज निघाला तर रबर पुसा, तरी फरक नसेल तर बदला. आत पाणी साचत असेल तर प्लग काढून निचऱ्याच्या भोकात सिरिंजने कोमट पाणी सोडा.

रबर ठीक असेल तर प्लग काढून, दारं उघडी ठेवून फ्रिज २४ तास बंद ठेवा. सुरू केल्यावर चार-आठ दिवस छान चालला आणि पुन्हा बर्फ धरला, तर बहुधा हीटर, थर्मोस्टॅट किंवा टायमर गेलेला असतो. हे काम २३० व्होल्टचं आहे, तिथे घरगुती प्रयोग नको. मेकॅनिकला मात्र ‘२४ तास बंद ठेवून पाहिला’ हे आवर्जून सांगा. गॅस भरायचा विनाकारण खर्च त्यामुळे टळू शकतो.