फ्यूजमधली ती तार

आमच्या गावच्या घराच्या ओटीवर शिरलं की डाव्या हाताच्या भिंतीवर, गणपतीच्या कोनाड्याच्या जरा वर, सागवानी फळीवर बसवलेला एक बोर्ड होता. लोखंडी पेटीतला, बाजूला दांडी असलेला मेन स्विच, खाली चिनीमातीचे चार पांढरे किटकॅट आणि काळ्या बटणांची एक रांग. आम्हां मुलांना तिथे हात लावायची सक्त मनाई. 'तिथे वाघ बांधलाय' असं आबा, म्हणजे माझे आजोबा, सांगायचे. आम्ही त्या वाघाकडे लांबूनच बघत असू.

दापोली तालुक्यातल्या आमच्या वाडीत वीज आली ती १९७१ साली. घर केवढं मोठं! ओटी, पडवी, माजघर, स्वयंपाकघर, वर माळा, मागे न्हाणीघर, त्यापलीकडे गोठा आणि गोठ्यामागे बावेपर्यंत पसरलेलं नारळी-पोफळीचं आगर. एवढ्या पसाऱ्यात आबांनी पॉइंट घेतले मोजून सहा. साठ वॉटचे सहा दिवे. साठचा दिवा पाव अँपिअर वीज घेतो. म्हणजे सगळं घर लख्ख उजळलं तरी वीज लागणार दीड अँपिअर. त्या हिशेबानं वायरमननं लाकडी पट्टीवरून वायर ओढली, किटकॅटमध्ये केसासारखी बारीक तार घातली, आणि आबांनी पेढे वाटले.

त्यानंतर पन्नास वर्षांत त्या बोर्डावर काय काय चढलं, याची यादी काढायला बसलो तर घराचा इतिहासच लिहावा लागेल. आधी रेडिओ, मग मिक्सर, मग टीव्ही. थोरल्या काकांच्या आजारपणात फ्रिज आला. बावेवरचा रहाट बंद होऊन दीड हॉर्सपॉवरचा पंप बसला. मुंबई-पुण्याची नातवंडं थंडीत यायला कुरकुरायला लागली म्हणून न्हाणीघरात गीझर आला. दोन किलोवॅटचा गीझर एकटाच जवळजवळ नऊ अँपिअर ओढतो, म्हणजे आबांच्या सहा दिव्यांच्या सहापट. प्रत्येक नवी वस्तू आली की कोणीतरी जवळच्या वायरीला फाटा काढायचा, काळी चिकटपट्टी गुंडाळायचा आणि म्हणायचा, 'झालं काम.' बोर्ड मात्र तोच राहिला.

आता मुद्द्याची गोष्ट सांगतो. ती मला सांगायला आवडत नाही, म्हणून मागे ठेवत होतो.

१९९८चा गणपती. घरात तीसेक माणसं. आरास, माळा, दोन पंखे, मिक्सरवर सतत वाटण. संध्याकाळी आरतीच्या वेळेला फ्यूज गेला. पुन्हा तार घातली, पुन्हा गेला. तिसऱ्यांदा गेला तेव्हा सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण घरात सायन्सला गेलेला मी एकटा. मी एका जुन्या इस्त्रीची वायर सोलली, तिच्यातले तांब्याचे तंतू एकत्र पिळले आणि ती जाड तार किटकॅटमध्ये आवळून बसवली. दिवे लागले. टाळ्या पडल्या. माईनं, म्हणजे माझ्या धाकट्या काकूनं, पहिला मोदक माझ्या पानात वाढला. त्या दिवसापासून आमच्या घरचा फ्यूज कधी गेला नाही. 'याच्या हाताला गुण आहे,' असं माई येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं सांगायची.

पुढे आबांच्या पिढीतलं कोणी उरलं नाही, काकाही गेले आणि एवढ्या मोठ्या घरात माई एकटी राहिली. सोबतीला एक गडी आणि दोन गाई.

जुलै २०१९. पाऊस चार दिवस कोसळत होता. टाकी भरायला पंप लावलेला. पंपापासून निघालेला लोखंडी पाइप गोठ्याला चिकटून जातो आणि त्याची एक तोटी गाईंच्या दगडी डोणीवर उघडते. थोरली गाय पाणी प्यायला वाकली आणि तशीच कोसळली. गडी तिला सोडवायला धावला. त्याचा हात दाव्याला लागणार एवढ्यात माई ओरडली, 'हात लावू नको!' ती धावत ओटीवर आली, दाराचा लाकडी अडसर उचलला आणि त्यानं मेन स्विचची दांडी खाली पाडली. दांडी लोखंडी, तिला हात लावायचा नाही, हे पन्नास वर्षांपूर्वी सासऱ्यांनी शिकवलेलं तिच्या लक्षात होतं. गडी वाचला. गाय गेली. चार पायांच्या जनावराला विजेचा धोका माणसापेक्षा जास्त. त्याच्या पुढच्या आणि मागच्या पायांत चार-पाच फुटांचं अंतर, पायांखाली ओली जमीन, आणि छाती नेमकी मधे. माणसाला नुसता झटका बसेल एवढा दाबही जनावराला पुरतो.

बोर्ड बदलायचा हे त्या दिवशीच ठरलं. प्रत्यक्षात बदलायला तीन वर्षं लागली. का, ते कोकणातल्या वाचकांना सांगायला नको. सातबाऱ्यावर अकरा नावं. विजेचं बिल येतं ते अजून आबांच्या नावावर, आणि आबा जाऊन झाले चाळीस वर्षं. भार वाढवून थ्री फेज घ्यायचं तर अर्ज करणारा हयात असावा लागतो. नाव बदलायचं तर सगळ्या वारसांची संमती हवी. एक चुलतभाऊ अमेरिकेत. दुसऱ्याचं म्हणणं, 'राहतो कोण तिथे? जो राहतो त्यानं खर्च करावा.' राहते माई, आणि तिचं उत्पन्न म्हणजे नारळ-सुपारी.

मधेच ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ आलं. आगरातल्या निम्म्याहून जास्त पोफळी आडव्या झाल्या. सत्तावीस दिवस वाडीत वीज नव्हती. आली त्या संध्याकाळी दिवे सूर्यासारखे पेटले आणि दोन मिनिटांत फ्रिज, टीव्ही, पंखा सगळं जळालं. कुठेतरी खांबावर न्यूट्रल सुटलेला होता. न्यूट्रल सुटला की दोनशेतीसचा दाब जागेवर राहत नाही, कुठे दीडशेवर उतरतो तर कुठे साडेतीनशेच्या पुढे चढतो. त्या रात्री माईचा फोन आला. तक्रार नव्हती. एवढंच म्हणाली, 'आता काय ते बघा रे बाबांनो.' त्या 'बघा रे'नं जे केलं ते तीन वर्षांच्या पत्रव्यवहारानं केलं नव्हतं. २०२२च्या पावसाळ्यापर्यंत संमतिपत्रं गोळा झाली, आणि दसऱ्यानंतर काम सुरू झालं.

परवानाधारक कंत्राटदार तालुक्याचा. पण प्रत्यक्ष काम करणारे मिस्त्री आमच्याच शेजारच्या वाडीतले. पन्नाशीचे, कमी बोलणारे. पहिल्या दिवशी त्यांनी कशालाच हात लावला नाही. बॅटरी घेऊन ते माळ्यावर चढले आणि मला वर बोलावलं. तुळईवरून गेलेली वायर त्यांनी बोटानं दाबली. वरचं रबर बिस्किटासारखं तुटून खाली पडलं. ज्या लाकडी पट्टीवर ती वायर होती, ती हातभर काळी पडली होती. दोन फुटांवर सुक्या नारळांचा ढीग, सोडणं आणि झावळ्या.

'भाऊ, हे एका दिवसाचं नाही. वर्षानुवर्षं तापलंय,' मिस्त्री म्हणाले.

मग खाली येऊन त्यांनी किटकॅट उपसला. त्यात माझी तार होती, तशीच, पिळलेली. चोवीस वर्षांत थोडी काळी झालेली.

फ्यूज हा वायरचा रखवालदार. वायर झेपेल त्यापेक्षा जास्त वीज ओढू लागली की आधी आपण जळायचं आणि वायर वाचवायची, एवढंच त्याचं काम. वीज दुप्पट झाली की वायरमधली उष्णता दुप्पट नव्हे, चौपट होते. मी रखवालदाराला हलवून तिथे पहिलवान बसवला होता. तो काही जळणार नव्हता. जळायचं ते माळ्यावर जळत होतं.

मी मिस्त्रींना विचारलं, 'गाय याच्यामुळे गेली का?'

त्यांनी उत्तर द्यायला घाई केली नाही. अर्थिंगची तार शोधत ते न्हाणीघरामागे गेले. तिथे जमिनीत ठोकलेली एक गंजकी पहार निघाली. मीटर लावून मोजलं, तर रोध भरला ४८ ओहम. मग त्यांनी मला हिशेब सांगितला, जो मला शाळेतच येत होता. २३० भागिले ४८, म्हणजे पाच अँपिअरही नाही. पंपाची वीज पाइपात उतरली तरी जमिनीत जाणार एवढीच. पंधरा अँपिअरचा फ्यूज त्याची दखलही घेणार नाही. पाइप जिवंत राहणार आणि वाट बघणार.

'तार बरोबर असती तरी फ्यूज गेला नसता,' ते म्हणाले. 'गाय अर्थिंगनं मारली. तुमची तार घर जाळणार होती.'

गुन्ह्यातून सुटलो म्हणावं तर दुसऱ्यात सापडलो. माई ओटीवर सुपाऱ्या सोलत बसली होती. तिनं सगळं ऐकलं असणार. वर न बघता ती म्हणाली, 'तेव्हा आम्हीच टाळ्या वाजवल्या होत्या रे.'

काम तीन आठवडे चाललं. अर्थिंगसाठी दोन ठिकाणी खड्डे घेतले. आमची जमीन जांभ्याची. पावसाचं पाणी ती धरून ठेवत नाही, एप्रिल-मेमध्ये हाडासारखी कोरडी होते आणि कोरड्या जमिनीत अर्थिंग नावालाच राहतं. म्हणून दहा फूट लांब गॅल्व्हनाइज्ड पाइप, त्याभोवती कोळसा आणि मीठ यांचे थर, आणि उन्हाळ्यात वरून बादलीभर पाणी घालायला सिमेंटचं तोंड. मोजलं तेव्हा ४८चे ३ ओहम झाले होते. बावेपर्यंत झाडांवरून लोंबत गेलेली वायर काढली आणि अडीच फूट चर खणून, खाली-वर वाळू आणि विटा घालून, लोखंडी पट्ट्यांचं चिलखत असलेली केबल पुरली.

ओटीवरच्या नव्या पेटीत किटकॅट नाहीत, एमसीबी आहेत. त्यांत दोन पहारेकरी असतात. भार हळूहळू वाढला तर दोन धातूंची जोडपट्टी तापून वाकते आणि खटका पडतो. एकदम शॉर्ट झालं तर लोहचुंबक क्षणात खटका पाडतो. त्यांत जाड तार घालण्याची सोयच नाही. माझ्यासारख्या सायन्सवाल्यांचा हा मोठाच बंदोबस्त. घर, न्हाणीघर, गोठा आणि पंप यांच्या वाटा वेगळ्या केल्या आणि भार तिन्ही फेजवर सारखा वाटला.

पण खरा जीव वाचवणारा त्या पेटीत वेगळाच आहे. त्याचं नाव आरसीसीबी. एमसीबी वायरीला सांभाळतो. हा माणसाला सांभाळतो. मिस्त्री माईला समजावत होते आणि माईला कळेना. शेवटी तीच म्हणाली, 'म्हणजे नारळ मोजल्यासारखंच की. पाडेकऱ्यानं शंभर पाडले आणि खळ्यात अठ्ठ्याण्णव आले, तर दोन कुठेतरी भलतीकडे गेले.' अगदी बरोबर. फेजमधून गेलेली वीज न्यूट्रलमधून तेवढीच परत यायला हवी. ३० मिलिअँपिअरचा, म्हणजे एका अँपिअरच्या शंभरातल्या तीन भागांचाही फरक पडला, तर तो डोळ्याचं पातं लवायच्या आत वीज तोडतो. गाईच्या वेळी तो असता तर पाइपात वीज उतरल्याक्षणीच पंप बंद पडला असता. फेज आणि न्यूट्रल अशा दोन्ही तारा एकाच वेळी धरणाऱ्याला मात्र तो वाचवू शकत नाही, हेही मिस्त्रींनी बजावून सांगितलं. त्याला तो दिवाच वाटतो.

गंमत त्यानंतर झाली. सगळं जोडलं आणि माजघरातला दिवा लावला की ओटीवरचा आरसीसीबी पडायचा. दोन दिवस शोधाशोध. अखेर सापडलं: माजघरातल्या एका जुन्या दिव्याला फेज आतली होती, पण न्यूट्रल कोणीतरी कधीतरी पडवीतून उसना घेतला होता. पन्नास वर्षं तो दिवा दुसऱ्याच्या न्यूट्रलवर जगला आणि कोणाला पत्ता लागला नाही. हिशेब मांडणारा घरात आला तेव्हा उघड झालं. सातबाऱ्यावर अकरा नावं असलेल्या घरात याचं नवल वाटायचं कारण नव्हतं. मिस्त्री पहिल्यांदाच हसले.

एकूण खर्च दोन लाख ऐंशी हजार. 'राहतो कोण तिथे' म्हणणाऱ्या चुलतभावानं आपला वाटा सगळ्यांत आधी पाठवला.

वाचकहो, तुमचंही असं एखादं घर गावाला असेल. नाहीतर शहरात तीस-चाळीस वर्षांचा जुना ब्लॉक असेल. पुढच्या खेपेला बोर्डाकडे जरा बघा. पेटीला हात लावून ती गरम लागते का, बटणाजवळ जळका वास येतो का, फ्रिजला ओला हात लागला की मुंग्या येतात का. यांतलं एक जरी असलं तर परवाना असलेल्या माणसाला बोलावा आणि अर्थिंग मोजून घ्या. नुसतं 'आहे' म्हणून सांगितलं तर ऐकू नका. आणि घरात कोणाच्या हाताला गुण असेल, तर त्याला किटकॅटपासून लांब ठेवा.

आरसीसीबीवर एक छोटं बटण असतं. यंत्र जागं आहे की नाही हे बघायला ते महिन्यातून एकदा दाबायचं. बहुतेक घरांत ते बसवल्यानंतर कोणी दाबतच नाही. माईनं त्यासाठी संकष्टी धरली आहे. चंद्रोदयाच्या आधी ती ओटीवर येते, गणपतीला हात जोडते आणि बटण दाबते. खट् आवाज होतो, घर काळोखं होतं. मग ती खटका वर करते आणि मला पुण्याला फोन लावते.

'दाबलं रे. पडलं खाली.'

'बरं झालं,' मी म्हणतो.

ती तार माझ्या टेबलाच्या खणात आहे.