ताम्रसृतीचा वाद आणि दुर्बिणीचे वाटप

विश्व प्रसरण पावत आहे, हे विधान आज पाठ्यपुस्तकांतून सूर्य पूर्वेस उगवतो इतक्या निःशंकपणे केले जाते. दुर्बिणीतून मात्र प्रसरण कोणालाच दिसत नाही. दिसते ते एवढेच, की दूरच्या दीर्घिकांच्या वर्णपटातील रेषा आपली ठरलेली जागा सोडून तांबड्या टोकाकडे सरकलेल्या असतात. हीच ताम्रसृती. दीर्घिका जितकी दूर तितकी तिची ताम्रसृती अधिक, हे एडविन हबल यांनी १९२९ साली दाखवून दिले. प्रसरण हे त्यावरून काढलेले अनुमान होय, आणि खुद्द हबल त्याविषयी पुढे अनेक वर्षे साशंकच राहिले.

त्याच वर्षी फ्रिट्झ झ्विकी यांनी या सरकण्याचा निराळाच अर्थ लावला. दीर्घिका आहेत तेथेच आहेत. कोट्यवधी वर्षांच्या प्रवासात प्रकाशच आपली ऊर्जा थोडीथोडी गमावतो, थकतो, असे त्यांचे म्हणणे. कल्पना मोहक खरी. परंतु वाटेतल्या कणांशी टक्कर होऊन ऊर्जा खर्च होत असेल, तर प्रकाशाची दिशाही ढळावयास हवी आणि दूरच्या दीर्घिकांची चित्रे धूसर व्हावयास हवीत. ती तशी होत नाहीत. याहून निर्णायक कसोटी स्फोट पावणाऱ्या ताऱ्यांनी पुरविली. जवळच्या अशा ताऱ्याचे तेज मंदावण्यास समजा २० दिवस लागतात. प्रसरण खरे असेल, तर ०.५ ताम्रसृतीच्या अंतरावर तीच घटना ३० दिवस चाललेली दिसली पाहिजे. प्रकाश केवळ थकत असेल, तर २० चे २० च. १९९० च्या दशकापासून झालेल्या मोजमापांत हा काळ प्रसरणाच्या हिशेबानेच लांबलेला आढळला. प्रतिस्पर्धी सिद्धांत जेथे पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदतात, त्या अर्थशास्त्राला अशा कसोटीचा हेवाच वाटावा!

या वादात फ्रेड हॉयल यांचे नाव अनेकदा सरसकट गोवले जाते, ते योग्य नव्हे. १९४८ च्या स्थिर स्थिती सिद्धांतातही विश्व प्रसरण पावतच होते. हॉयल यांचा आक्षेप महास्फोटाला होता. खरा पाखंडी हाल्टन आर्प. काही क्वासार जवळच्या दीर्घिकांशी निगडित आहेत, अतएव त्यांची मोठी ताम्रसृती अंतराची निदर्शक नव्हे, असे ते आग्रहाने सांगत. जयंत नारळीकर यांनी आर्प यांच्यासह १९९३ साली, कणांचे वस्तुमान काळानुसार बदलत असल्यास अशी ताम्रसृती कशी उद्भवेल, याचे गणितही मांडले.

तथापि १९८० च्या दशकाच्या आरंभीच अमेरिकेतील वेळवाटप समितीने आर्प यांना या संशोधनासाठी दुर्बीण नाकारली होती, आणि ते जर्मनीस निघून गेले. समितीची बाजू अगदीच लंगडी नव्हती. मोठ्या दुर्बिणीच्या रात्री मोजक्या, मागणारे अनेक. शिवाय १९७९ साली एकाच क्वासारची दोन प्रतिबिंबे सापडली होती. मधल्या दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणाने प्रकाश वाकल्याखेरीज ती पडती ना, अर्थात तो क्वासार दीर्घिकेच्या पुष्कळ मागे होता. एवढे असूनही नकार समर्थनीय ठरत नाही. ज्यांच्या मताला आव्हान दिले गेले, त्यांच्याच हाती साधनांचे वाटप असावे, याला बाजारात मक्तेदारी म्हणतात. वेधशाळेत त्याला दुसरे नाव का द्यावे?

पुढे दीर्घिका आणि क्वासार यांची विस्तृत सर्वेक्षणे झाली व त्यांची आकडेवारी सर्वांस खुली झाली. दीर्घिकांच्या निकट दिसणाऱ्या क्वासारांच्या ताम्रसृतीत ठरावीक टप्पे आढळतात, हा आर्पपक्षाचा दावा तीतून २००२ साली तपासला गेला. दीर्घिका व क्वासार यांच्या १,६४७ जोड्या पाहण्यात आल्या. तसे टप्पे कोठेही आढळले नाहीत. आर्प यांनी मात्र २०१३ साली मृत्यू येईपर्यंत आपले मत सोडले नाही.