संगणकाची गेलेली गती

एखाद्या शिक्षकाने सुटे भाग आणून स्वतःच्या हाताने संगणक जोडला, असे समजा. कमी किमतीचा प्रोसेसर घेतला आणि युक्तीने त्याची गती वाढविली. काही महिने सारे सुरळीत चालले. पुढे मदरबोर्डासाठी नवे फर्मवेअर निघाले. नवे ते चांगले, अशा समजुतीने त्याने ते भरले, आणि संगणक पुन्हा सुरू करून पाहतो तो वाढविलेली गती गेलेली! भाग तेच, तारा त्याच, वीजही तीच. मग गेले काय? आणि गेलेले परत आणता येते का?

हा प्रसंग कल्पनेतला वाटेल, पण २०१६ साली तो जगभर अनेक हौशी लोकांवर आला. त्याची हकिगत समजून घेतली म्हणजे संगणकाच्या पोटात काय चालते, तेही आपोआप समजेल.

प्रथम फर्मवेअर म्हणजे काय ते पाहू. प्रोसेसर, स्मृती, पंखे, चकत्या हे सारे भाग मदरबोर्ड नावाच्या एका पाटीला जोडलेले असतात. आपण कळ दाबतो तेव्हा या भागांना जागे करणारी, कोणी काय करायचे ते सांगणारी एक आज्ञावली लागते. ती या पाटीवरच्या एका लहानशा चिपमध्ये साठविलेली असते. तिलाच फर्मवेअर किंवा जुन्या सवयीने बायॉस म्हणतात. ज्या मदरबोर्डांची ही गोष्ट आहे, त्यांच्यात ती चिप साधारणतः १६ मेगाबाइटची असे. आजच्या मोबाइलमधली दोन-चार छायाचित्रे मावतील, एवढीच तिची जागा. पण घरातल्या किल्ल्यांचा जुडगा तिच्याच कमरेला!

आता गतीकडे वळू. भजनी मंडळात पखवाजाचा ठेका चालतो आणि त्या ठेक्यावर सारे गातात. एका मात्रेत दोन बोल वाजविले तर दुगुन, चार वाजविले तर चौगुन. संगणकातही असाच एक मूळ ठेका असतो. इंटेल कंपनीच्या प्रोसेसरांत तो १०० मेगाहर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला दहा कोटी ठोक्यांचा असतो. प्रोसेसर त्या एका मात्रेत कित्येक बोल वाजवितो. २०१५ साली निघालेला आय-फाइव्ह ६४०० हा प्रोसेसर घ्या. त्याचा गुणक २७. शंभर गुणिले २७ म्हणजे २७०० मेगाहर्ट्झ, अर्थात २.७ गिगाहर्ट्झ. कामाचा भार पाहून तो स्वतःच ३.३ पर्यंत चढतो, पण त्यापुढे नाही.

गती वाढवायची तर दोन वाटा. एक, गुणक वाढविणे. पण ही वाट कंपनीने कुलूप लावून ठेवलेली. ज्या प्रोसेसरांच्या नावाशेवटी ‘के’ हे अक्षर असते, बहुधा त्यांनाच गुणक वाढविण्याची मुभा, आणि त्यांची किंमतही जास्त. दुसरी वाट म्हणजे मूळ ठेकाच जलद करणे. पण २०११ पासूनच्या इंटेलच्या नेहमीच्या प्रोसेसरांत एक अडचण होती. चित्रपत्र, चकत्या, यूएसबीची जोडणी हे सारे त्याच एका ठेक्यावर चालत. ठेका पाच टक्क्यांहून फारसा वाढविला की प्रोसेसर एक वेळ टिकेल, पण बाकीची मंडळी बेताल होत. एकट्या पखवाजवाल्याने लय वाढवावी आणि टाळकऱ्यांचे हात अडखळावेत, तसाच प्रकार.

२०१५ च्या ऑगस्टमध्ये इंटेलने स्कायलेक नावाची पिढी बाजारात आणली. तिच्यात बाकीच्या भागांचा ठेका मूळ ठेक्यापासून वेगळा केला. आता प्रोसेसरची लय वाढविली तरी टाळकरी आपल्या तालात राहणार. उरले होते ते केवळ एक कुलूप, आणि तेही लोखंडाचे नव्हे, आज्ञेचे! ते फर्मवेअरमधून चुकविता येते, हे मदरबोर्ड बनविणाऱ्यांच्या ध्यानात आले. २०१५ च्या डिसेंबरात तैवानच्या अ‍ॅसरॉक कंपनीने ‘स्काय ओसी’ या नावाने अशी सोय उघडपणे जाहीर केली. इतरांनीही तशी फर्मवेअरे काढली. आपला २७ गुणकाचा प्रोसेसर घ्या. मूळ ठेका १०० वरून १५० केला की २७ गुणिले १५०, म्हणजे ४०५० मेगाहर्ट्झ. स्वस्तातला प्रोसेसर महागाच्या पंक्तीला जाऊन बसला.

साहजिकच हे फार दिवस टिकले नाही. प्रोसेसरच्या आतही मायक्रोकोड नावाच्या सूक्ष्म आज्ञा असतात. इंटेल त्यांत वेळोवेळी दुरुस्त्या करते आणि मदरबोर्ड कंपन्या त्या आपल्या फर्मवेअरमधून पुरवितात. २०१६ च्या फेब्रुवारीत अशीच एक दुरुस्ती आली आणि ही वाट बंद झाली. अ‍ॅसरॉकनेही ती सोय मागे घेतली. जे प्रोसेसर यासाठी बनविलेलेच नाहीत त्यांची गती वाढवू नये, अशी आपली भूमिका असल्याचे इंटेलने सांगितले. ज्यांनी नवे फर्मवेअर भरले, त्यांची वाढीव गती गेली. आपल्या शिक्षकाच्या संगणकाचे कोडे ते हेच.

मग गती परत येते का? होय, पुष्कळदा येते. त्याचे कारण असे की मायक्रोकोडची दुरुस्ती प्रोसेसरवर कायमची कोरली जात नाही. दर वेळी संगणक सुरू होताना ती नव्याने चढविली जाते आणि वीज गेली की पुसली जाते. म्हणून आधीचे, ती सोय असलेले फर्मवेअर पुन्हा भरले की कुलूप पुन्हा उघडते. मात्र काही मदरबोर्ड मागे जाऊ देत नाहीत. शिवाय विंडोज किंवा लिनक्ससारखी कार्यप्रणालीही सुरू होताना आपल्याजवळचा नवा मायक्रोकोड चढवू शकते, हे लक्षात ठेवावे.

येता येते हे झाले. पण आणावी का? इथे हिशेब नीट मांडला पाहिजे.

पहिली गोष्ट उष्णतेची. प्रोसेसरमधला विजेचा खर्च गतीच्या प्रमाणात वाढतो आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. गती दीडपट केली आणि ती पेलावी म्हणून व्होल्टेज दहा टक्के चढविले, तर १.५ गुणिले १.१ गुणिले १.१, म्हणजे खर्च सुमारे १.८ पट. ६५ वॅटच्या हिशेबाने निवडलेला लहान पंखा तिथे पुरा पडत नाही. आणि फायदा किती? हा प्रोसेसर एरवीही ३.३ पर्यंत जातच होता. त्या मानाने ४.०५ म्हणजे फार तर २३ टक्क्यांची वाढ. पत्र लिहिणाऱ्याला किंवा गुणपत्रक भरणाऱ्याला ती जाणवणारही नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. कुलूप चुकविण्यासाठी या फर्मवेअरने प्रोसेसरची वीज आवरणारी अंतर्गत व्यवस्थाच बाजूला सारली होती. त्यामुळे रिकामा असताना प्रोसेसर झोपेनासा झाला, त्याच्यातलेच चित्रयंत्र बंद पडले, म्हणून वेगळे चित्रपत्र लावणे भाग पडले. काही आधुनिक गणिती आज्ञा उलट मंदावल्या. आणि सर्वांत वाईट म्हणजे तपमानाचे आकडे विश्वासाचे राहिले नाहीत. इंजिन तापविण्याची परवानगी मिळाली, पण तापमापक काढून घेतला, असा हा सौदा!

तिसरी गोष्ट सुरक्षिततेची. २०१८ च्या जानेवारीत मेल्टडाउन आणि स्पेक्टर या नावांचे, प्रोसेसरच्या रचनेतलेच दोष उघडकीस आले. त्यांतल्या एका प्रकारावरच्या उपायाला नवा मायक्रोकोड लागे. गतीसाठी जुन्या फर्मवेअरला चिकटून राहिलेल्याला तो उपाय फर्मवेअरमधून मिळाला नाही. पण नवे ते नेहमीच निर्दोष असते असेही नाही. त्याच महिन्यात काही संगणक आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होऊ लागले, तेव्हा पहिली दुरुस्ती तूर्त भरू नका, असे खुद्द इंटेललाच सांगावे लागले.

तरीही कोणाला फर्मवेअर बदलायचेच असेल, पुढे असो वा मागे, तर काही नियम पाळावेत. मदरबोर्डाचे पूर्ण नाव आणि त्याची आवृत्ती त्या पाटीवरच छापलेली असते, ती वाचून लिहून घ्यावी. दुसऱ्या नमुन्याचे फर्मवेअर भरू नये. फाइल फक्त बनविणाऱ्या कंपनीकडूनच घ्यावी आणि सोबतची टीप वाचावी. आहे त्या साऱ्या मांडणीचे आकडे वहीत उतरवून ठेवावेत, कारण भरल्यावर ते बहुधा पुसले जातात. कामाच्या फाइलींची प्रत दुसरीकडे ठेवावी. विंडोजची चकती कुलूपबंद असेल तर तिची पुनर्प्राप्तीची किल्ली आधी शोधून ठेवावी. फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन मदरबोर्डाच्या स्वतःच्या साधनानेच ती भरावी. आणि मुख्य म्हणजे, भरता भरता वीज जाता कामा नये. आपल्या खेड्यापाड्यांत विजेचा भरवसा किती, हे मी सांगायला नको. अर्धवट लिहिलेल्या आज्ञावलीने मदरबोर्ड जागा होत नाही. दुसरी राखीव चिप किंवा दुरुस्तीची सोय असेल तरच तो वाचतो. म्हणून यूपीएस जोडल्याशिवाय या कामाला हात घालू नये.

भरून झाल्यावर संगणक आधी मूळ गतीवर चालवून पाहावा. मग ठेका एका वेळी दोन-तीन मेगाहर्ट्झनेच वाढवावा आणि दर पायरीवर तासभर काम करून घ्यावे. स्मृतीची गतीही त्याच ठेक्याबरोबर चढते, तेव्हा तिचा गुणक आधी खाली आणावा.

तात्पर्य काय? पैसे मोजून आपण प्रोसेसर विकत घेतो, पण त्याने किती धावावे हे एक आज्ञावली ठरविते, आणि ती बनविणाऱ्याच्या हातची असते. ती देऊ शकते, तशी काढूनही घेऊ शकते. म्हणून नवे फर्मवेअर डोळे मिटून भरू नये आणि जुने हट्टाने धरूनही बसू नये. ते काय देते आणि काय नेते, हे आधी वाचावे. हौसेचा, स्वतःच्या खर्चाचा संगणक असेल तर प्रयोग जरूर करावा. त्यातून पुष्कळ शिकायला मिळते. पण ज्या संगणकावर शाळेतल्या मुलांचे गुण आणि दाखले आहेत, त्याची लय वाढवू नये. तिथे गतीपेक्षा भरवसा मोठा.