शंभराचं नाणं शंभराला का मिळत नाही?

मागच्या भागानंतर एकाने विचारलं, "दादा, नाण्यावर 75 लिहिलंय, मग टांकसाळ काही हजार कशाला घेते?" लूट वाटते ना? मलाही वाटायची. चला, हिशोबच करू.

2023 मध्ये नव्या संसद भवनासाठी निघालेलं 75 रुपयांचं नाणं घ्या. वजन 35 ग्रॅम, त्यात निम्मी चांदी, बाकी तांबं, निकेल, जस्त. म्हणजे चांदी साडेसतरा ग्रॅम. भाव किलोला 1 लाख धरला, तर 1,750 रुपयांची नुसती चांदीच झाली. वर घडणावळ, पेटी, कर. आणि 2025 मध्ये भाव लाखाच्याही पुढे गेला. 75 हा आकडा नावापुरता. हे नाणं बाजारात चालवायला काढलेलंच नाही.

आजोबांनी एकही नाणं चुकवलं नव्हतं. मी यंदा तीन सोडली. जिवावर आलं, खोटं कशाला बोलू? आता विषय मनापासून आवडला तरच घेतो, तेही थेट टांकसाळीकडून. व्यापारी "संपत आलंय" म्हणाला की मुद्दाम दोन महिने थांबतो.

बाकी वेळ सुट्टे पैसे चाळायचे! 2022 च्या अमृत महोत्सव मालिकेतली 1 ते 20 रुपयांची नाणी चलनातलीच आहेत. सालाखाली पत्त्यातल्या चौकटसारखी खूण असेल तर नाणं मुंबईचं, चांदणी हैदराबादची, ठिपका नोएडाचा, काहीच नसेल तर कोलकात्याचं. परवा रिक्षावाल्या काकांनी दिलेल्या सुट्ट्यांत चांदणी निघाली. ठिपका अजून शोधतोय.